कंत्राटदार आणि मूळ मालकाची जबाबदारी

बाहेरच्या कंत्राटदाराने कामगार कायदा मोडल्यास काम देणाऱ्या संस्थेवर, म्हणजे मूळ मालकावर, येणारे दायित्व. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1970 च्या कंत्राटी कामगार अधिनियमानुसार मूळ मालकाचा प्रतिनिधी वेतनवाटपाला हजर राहून सही करत असे. पगार थकल्यास मालकाने तो चुकता करून कंत्राटदाराकडून वसूल करायचा असतो. म्हणून बिल मंजूर करण्याआधी परवाना, हजेरीपट आणि भविष्यनिर्वाह निधीची चलने पाहावी लागतात. नुसता कमी दर पाहून काम देणे घातकच. उदाहरणार्थ, मुंबईभरचा कचरा उचलण्याची जबाबदारी महापालिकेची. तिथले कंत्राट नावापुरतेच असून कामगार प्रत्यक्षात महापालिकेचेच असल्याचा दावा कचरा वाहतूक श्रमिक संघाने चिकाटीने लढवला. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 2,700 सफाई कामगारांना महापालिकेत कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा उचलून धरला.