केळीची वंशावळ सापडते, मग आजीच्या आजीची?



रावेर-सावद्याकडे कुणालाही विचारा, यंदा कोणती केळी लावली? बऱ्याच जणांचं उत्तर येईल, ग्रँड नैन. हे नाव फ्रेंच आहे, अर्थ ‘मोठी बुटकी’. जात कॅव्हेंडिश गटातली. या गटाची रोपं १८३० च्या आसपास मॉरिशसहून इंग्लंडला गेली, एका ड्यूकच्या काचघरात वाढली आणि त्याच्या घराण्याचं नाव त्यांना चिकटलं.

म्हणजे केळीच्या खोडाची वंशावळ दोनशे वर्षं मागे सांगता येते. त्याच मॉरिशसला त्याच शतकात मराठी बायकाही गेल्या. त्यांची वंशावळ कुठे शोधायची?

आधी थोडी पार्श्वभूमी. १७१५ पासून १८१० पर्यंत हे बेट फ्रेंचांचं होतं. मग इंग्रजांनी ते जिंकलं, पण फ्रेंच रहिवाशांना त्यांचे कायदे आणि रीतिरिवाज ठेवू दिले. झेंडा इंग्रजांचा, उसाचे बरेच मळे फ्रेंच मालकांचे आणि दिवाणी कायदा नेपोलियनचा! १८३५ मध्ये तिथली गुलामी संपली. उसाला माणसं हवीच होती, म्हणून १८३४ पासूनच भारतातून करारावर मजूर नेणं सुरू झालं. १९२० पर्यंत जवळपास पाच लाख लोक या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी लोकांत कोकणातले बरेच. पोर्ट लुई बंदरात ते जिथे उतरायचे, तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसास्थळ आहे.

आता मुख्य गोष्ट. उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळायचा, बाईलासुद्धा. रजिस्टरात जहाज, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण आणि बऱ्याचदा बापाचं नाव. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास जवळ ठेवावा लागे. हे सगळं कौतुकापोटी नव्हतं. मळ्यावरून कुणी पळू नये, म्हणून होतं. पण तीच कागदपत्रं आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत आणि तिथली कुटुंबं त्यातच आपलं मूळ शोधतात.

शोध उलटा चालतो. आधी आईचा जन्मदाखला, मग आजीचा, मग पणजीचा. नाव दर पिढीत बदलतं, कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं. लक्ष्मीची ‘लुचमी’ होते. नंबर मात्र बदलत नाही. जुन्या दाखल्यावर तो सापडला की थेट जहाजापर्यंत पोचता येतं.

आणखी एक. देवाब्राह्मणांसमोर लागलेलं लग्न तिथल्या कायद्याला बराच काळ मान्य नव्हतं. नवरा-बायको वर्षानुवर्षं एकत्र, तरी कागदावर मूल ‘अनौरस’. काही मुलांची नोंद तर फक्त आईच्या नावावर. त्या काळी ही मानहानीच. पण त्यामुळेच बाईचं नाव कागदावर टिकलं.

आता आपल्याकडे बघा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यानपिढ्यांची नावं मिळतात, पण मुख्यतः बाप, मुलगा, नातू अशी. लेक सासरी गेली की माहेरच्या ओळीतून गेली. त्यात लग्नात नाव बदलायची रीत. बोटीवर चढलेली ‘काशी’ माहेरी कोणत्या नावाची होती, हे तिच्या गावातही कागदावर सापडणं अवघड. मॉरिशसचा पणतू नंबर घेऊन इथपर्यंत येतो आणि अडतो तो आपल्या दारात.

म्हणून आजचा गृहपाठ. तुमच्या आजीला विचारा: लग्नाआधी तुझं नाव काय होतं? तुझ्या आईचं माहेर कोणतं? आणि तिच्या आईचं? मोबाईल आहेच हातात, आजीच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. तिच्याकडे कुठला नंबर नाही. विचारणारं कुणी असेल, तरच तिचं नाव राहील.

भेटू पुढच्या भागात!