शकुंतलेचं इंजिन बागेत आणायचं तर: एका छोट्या वाफेच्या इंजिनातून वऱ्हाडचा इतिहास

मानोऱ्यात बसून रेल्वेवर बोलायचं म्हणजे थोडं गमतीचंच आहे, कारण मानोरा गावाला रेल्वे स्टेशन नाही. एका अंगाला कारंजा, दुसऱ्या अंगाला दारव्हा, आणि या दोन गावांतून जाणारी ती छोटी गाडी. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, आणि मूर्तिजापूरवरून दुसरीकडे अचलपूरपर्यंत साधारण ७७ किलोमीटर. आपण सगळे तिला ‘शकुंतला’ म्हणून ओळखतो. आज ती बंद आहे. पण तिच्यावर बोलताना आपण नेहमीची वाट सोडू या. आज आपण असं धरून चालू की आपल्याला शकुंतलेचं वाफेचं इंजिन छोट्या आकारात बनवायचंय. शोकेसमध्ये ठेवायचं नव्हे, तर खरं पाणी, खरी आग, खरी वाफ असलेलं, घरामागच्या बागेत रुळांवर धावणारं.

हा छंद जगात जुना आहे. इंग्लंडात ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचं नियतकालिक १८९८ पासून निघतं. आपल्याकडे पुण्यात जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोक बघतात, पण तिथल्या गाड्या विजेवर चालतात. बागेतल्या वाफेच्या इंजिनाचा छंद करणारे लोक सहसा सगळं इंजिन शून्यापासून बनवत नाहीत. ते एक तयार इंजिन घेतात, त्याचा बॉयलर आणि चाकांचा सांगाडा तसाच ठेवतात, आणि वरचं सगळं बदलतात: केबिन, धुराडं, दिवा, जोडणीचा हूक, रंग, नंबर. म्हणजे कारखान्यातून आलेल्या इंजिनाला आपल्या गावचं करून घेतात. आपणही तेच करू. आणि बघा, यातल्या प्रत्येक बदलाला इतिहासाचा एकेक प्रश्न चिकटलेला आहे.

पहिला प्रश्न मापाचा. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. बागेतल्या रेल्वेचे बाजारात मिळणारे रूळ मुख्यतः दोन मापांचे असतात, ३२ मिलिमीटर आणि ४५ मिलिमीटर. इंग्लंडातले पुष्कळ छंदी लोक एका फुटाला १६ मिलिमीटर हे प्रमाण धरतात, म्हणजे साधारण एकास एकोणीस. या प्रमाणात दोन फुटी रेल्वे बरोब्बर ३२ वर बसते. माथेरानची गाडी दोन फुटी आहे, म्हणून तिचं काम सोपं. पण आपली अडीच फुटी गाडी याच प्रमाणात ४० मिलिमीटरवर येते, आणि ते माप बाजारात सहज मिळत नाही. मग ७६२ ला ४५ ने भागा. उत्तर येतं जवळपास १७. म्हणजे एकास सतरा. आपला ड्रायव्हर मग सुमारे दहा सेंटिमीटर उंचीचा होतो.

आता विचारायला हवं की हे अडीच फूट आले कुठून? मुंबई–नागपूर हा मोठा रेल्वेमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला, तो ब्रॉडगेज, साडेपाच फुटांचा. त्याच्यापासून आत खेड्यापाड्यांत फाटे काढायचे तर तेवढा खर्च परवडणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. इथे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचं नाव घ्यावंच लागतं. त्याने बार्शी लाइट रेल्वे उभी केली, ती १८९७ मध्ये सुरू झाली, अडीच फुटीच. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलके रूळ चालतात, आणि गाडी अरुंद असली तरी माल भरपूर वाहते. पुढे याच माणसाने इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे बांधली, ती १९०४ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या इंजिनांवर बार्शीच्या अनुभवाची छाप होती. इंग्लंडच्या त्या दरीतल्या इंजिनांना हिंदुस्थानी थाटाचे मोठाले दिवे होते! तंत्रज्ञान नेहमी तिकडून इकडेच येतं असा आपला समज असतो. बार्शीने तो थोडा हलवला.

दुसरा प्रश्न जमिनीचा. बागेत रूळ टाकायचे, आणि आपली बाग म्हणजे काळी कापसाची जमीन. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसते रूळ ठेवले तर एका पावसाळ्यात वेडेवाकडे होतील. म्हणून वरचा काळा थर काढून मुरूम दाबायचा, त्यावर बारीक गिट्टी टाकायची. पितळी रूळ उन्हात वाढतात तो हिशेबही धरायचा. वीस मीटर लांबीत तापमान तीस अंशांनी चढलं तर रूळ एक सेंटिमीटरहून थोडे जास्त वाढतात, तेवढी फट ठेवावी लागते. वऱ्हाडात खरी रेल्वे टाकणाऱ्यांपुढेही हीच माती होती. ज्या मातीने कापूस दिला, आणि कापसासाठी रेल्वे आली, तीच माती रुळांना स्वस्थ बसू देत नव्हती. गाडी इतकी हळू का चालायची याची कारणं शोधताना हलके रूळ आणि ही जमीन दोन्ही लक्षात ठेवायला हवीत.

तिसरा प्रश्न वाफेचा, आणि इथे मॉडेल करणाऱ्याला कळतं की निसर्ग लहान करता येत नाही. इंजिन सतरा पटीने लहान केलं की बॉयलरचा पृष्ठभाग २८९ पटीने कमी होतो, पण आतलं पाणी ४९१३ पटीने कमी होतं. म्हणजे पाण्याच्या मानाने थंड होणारी बाजू सतरा पट जास्त. छोटं इंजिन भराभर उष्णता गमावतं. म्हणून तांब्याच्या बॉयलरला बाहेरून उष्णतारोधक पट्ट्या गुंडाळतात. या आकारातली बहुतेक इंजिनं कोळशावर चालत नाहीत, ब्युटेन गॅसवर चालतात. इंग्लंडात थंडी पडली की गॅसचा दाब उतरतो आणि लोक गॅसची टाकी कोमट पाण्याने शेकतात. आपल्याकडे मे महिन्यात उलटा प्रकार: टाकी उन्हात तापली की दाब चढतो, म्हणून ती सावलीतच ठेवायची. पाणीही विहिरीचं चालत नाही, क्षार साचतात. पावसाचं किंवा डिस्टिल्ड घ्यायचं. आणि एक नियम पक्का: बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांना हात लावायचा नाही. बदल करायचे ते भोवतालच्या कपड्यात.

गंमत अशी की कोळशावर चालणारं छोटं इंजिन माणसांना ओढू शकतं का, यावर इंग्लंडात १९२० च्या दशकात मोठा वाद झाला. ‘एलबीएससी’ या नावाने लिहिणाऱ्या एका कारागिराने ‘आयेशा’ नावाचं इंजिन बनवून १९२४ मध्ये ते सर्वांसमोर सिद्ध केलं. आपल्या शकुंतलेचं झेडडी इंजिन मँचेस्टरला तयार झालं १९२१ मध्ये, आणि इथे कामाला लागलं १९२३ मध्ये. म्हणजे तिकडे हौशी लोक हातभर लांबीच्या इंजिनावर वाद घालत होते, त्याच वर्षांत त्यांच्याकडचं मोठं इंजिन मूर्तिजापूरच्या रुळांवर आपली पहिली कामं करत होतं.

आता मँचेस्टरचं नाव निघालंच आहे तर एक नेहमीचं वाक्य तपासू या. आपण सर्रास म्हणतो, इंग्रजांनी शकुंतला बांधली ती वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना न्यायला. यात अर्धं खरं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस थांबला, आणि वऱ्हाडच्या कापसाला लँकेशायरकडून प्रचंड मागणी आली. नागपूरचा मोठा रेल्वेमार्ग त्याच काळातला. पण शकुंतला त्या काळातली नाही. किलिक निक्सन या मुंबईच्या कंपनीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली १९१० मध्ये. तोवर आखूड धाग्याच्या हिंदी कापसाची मोठी गिऱ्हाइकं होती मुंबईच्या गिरण्या आणि जपान. लँकेशायरला लांब धागा हवा होता. तेव्हा इंजिन मँचेस्टरहून आलं, पण कारंजा-यवतमाळच्या जिनिंगमधली रुई मुख्यतः परळ-लालबागच्या दिशेने आणि तिथून पुढे पूर्वेकडे जात होती. फायदा कुणाचा हा प्रश्न यातून सुटत नाही. उलट त्यात मुंबईचे भांडवलदारही येऊन बसतात.

आणि या गाडीच्या आधी कापूस कोण वाहत होतं? हा प्रश्न मानोरा तालुक्यात विचारलाच पाहिजे, कारण पोहरादेवी याच तालुक्यात आहे. रेल्वेच्या आधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. धान्य, मीठ, कापूस यांची लांब पल्ल्याची वाहतूक बंजारा तांडे करत. एकेका तांड्यात शेकडो, कधी हजारो बैल. वाटेतलं पाणी, चराई, वाटमारी, सगळ्याचा हिशेब नायकाच्या डोक्यात. पक्के रस्ते आणि १८६७ ची रेल्वे आली, आणि दोन-तीन दशकांत हा सगळा धंदा बसला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा याच काळातला, ज्याने फिरत्या समाजांकडे संशयाने बघणं कायदेशीर केलं. तांडे मग जागोजागी स्थिरावले, शेतीला, मजुरीला लागले. म्हणून बागेतल्या मॉडेलमध्ये रुळांशेजारी लादलेला बैल दाखवला तर ती केवळ सजावट होत नाही. तो या गोष्टीचा पहिला अध्याय आहे.

शेवटचा प्रश्न रंगाचा आणि नंबराचा, आणि हा सगळ्यांत अवघड. इंजिनावर अक्षरं कुणाची लिहायची? मार्ग कंपनीचा, पण गाडी चालवायची जीआयपी रेल्वे, आणि १९५१ नंतर मध्य रेल्वे. देशभरातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी इथले रूळ खासगी कंपनीच्याच मालकीचे राहिले. म्हणजे आधी वर्ष ठरवावं लागतं. १९२३ चं नवंकोरं, चकचकीत इंजिन करायचं, की १९९४ चं?

पुष्कळांना वाटतं, मूळ रूप तेच खरं. पण या रेल्वेला मूळ रूप असं काही नव्हतंच. तिच्या सिग्नलांवर ‘मेड इन लिव्हरपूल, १८९५’ असा शिक्का बघितल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. म्हणजे सिग्नल कंपनीपेक्षा १५ वर्षांनी जुने, आणि इंजिन कंपनीपेक्षा ११ वर्षांनी नवं. जुनं-नवं एकत्र करून, दुरुस्त करून चालवणं हाच तिचा स्वभाव. झेडडी इंजिन १५ एप्रिल १९९४ ला सेवेतून गेलं आणि डिझेल आलं. सत्तर वर्षं ते चाललं ते मँचेस्टरच्या पोलादामुळे जेवढं, तेवढंच इथल्या फिटरांमुळे. सुटा भाग मिळत नाही म्हटल्यावर तो घडवायचा, ठोकायचा, बसवायचा. मोजक्या माणसांनी इंजिन जोडायचं, सिग्नल द्यायचा, तिकिटंही फाडायची. तेव्हा आमचं मत विचाराल तर मॉडेल १९९४ चं करावं. काळा रंग उडालेला, पत्र्याला ठिगळ, केबिनमध्ये पाण्याचा डबा. मँचेस्टरचं इंजिन सत्तर वर्षांत आपल्या माणसांनी ‘कस्टमाइज’ करून टाकलं होतं, आणि आपण ते बागेत दुसऱ्यांदा करतोय.

पण यासाठी तपशील लागतो, आणि तो पुस्तकांत सापडत नाही. हूक किती उंचीवर होता, शिट्टीची दोरी कुठल्या बाजूला, फायरमन कुठे टेकायचा, उतारावर ब्रेक कसा धरायचा. १९९४ साली विशीत असलेला माणूस आज पन्नाशी ओलांडून गेलाय, आणि त्या वेळचे अनुभवी ड्रायव्हर आता फार थोडे उरले असणार. कंपनीचा कागद कुठल्या तरी दफ्तरात शंभर वर्षं टिकेल. या माणसांच्या हातातलं ज्ञान तेवढं थांबणार नाही. म्हणून मॉडेल करा अगर करू नका, ही मोजमापं मात्र विचारून लिहून ठेवा. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, अचलपूर, कुठल्याही गावात तुमच्या नात्यात कुणी लोकोशेडमध्ये असेल, तर येत्या रविवारी वही घेऊन त्यांच्याकडे जा. पहिला प्रश्न हुकाच्या उंचीचा विचारा. बाकीचं ते आपणहून सांगतील.