ऱ्हाईनचे किल्ले आणि कर्नाळ्याचा सुळका

युरोपची सहल करून आलेल्या मराठी माणसाच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: तिकडच्या लोकांनी किल्ले कसे जपलेत बघा, नाहीतर आपण! जर्मनीत ऱ्हाईन नदीवरच्या बोटीत बसलं, की हे वाक्य हमखास येतं. दोन्ही तीरांवर द्राक्षांचे मळे आणि दर वळणावर टेकडीच्या टोकाला एक किल्ला. हाच माणूस गणपतीला कोकणात निघतो, तेव्हा पनवेल सोडल्यावर कर्नाळ्याच्या खिंडीतून जातो. माथ्यावर अंगठ्यासारखा उभा सुळका दिसतो, गाडी मात्र थांबत नाही. त्याची तक्रार प्रामाणिक आहे, पण ती चुकीच्या समजुतीवर उभी आहे. ऱ्हाईनचे बहुतेक किल्ले कुणी जपले नव्हते. ते पडले होते, आणि एकोणिसाव्या शतकात ठरवून ‘बघण्याजोगे’ केले गेले. कर्नाळ्याच्या वाट्याला तसा ठरवणारा कुणी आला नाही. फरक जपणुकीपेक्षा वारसदारीचा आहे.

त्या किल्ल्यांचा मूळ धंदा तसा रुक्षच होता. ऱ्हाईन हा व्यापाराचा राजमार्ग, आणि प्रत्येक सरदाराला त्यातून जाणाऱ्या मालावर जकात हवी होती. काउबजवळ नदीच्या मधोमध 1327 च्या सुमारास जो किल्ला बांधायला घेतला, तो निव्वळ जकातीसाठी. राईनफेल्सच्या काउंटने जकात वाढवली, तेव्हा नदीकाठच्या शहरांनी एकी करून 1255 मध्ये त्याला वेढा घातला. पुढे 1689 मध्ये फ्रेंच फौजांनी यातले अनेक किल्ले उद्ध्वस्त केले. राईनफेल्स तेव्हा टिकला, पण शंभरेक वर्षांनी फ्रेंचांनी तोही सुरुंगाने उडवला आणि त्याचे दगड दुसऱ्या बांधकामासाठी विकले गेले. स्टोल्झेनफेल्सचा नुसता सांगाडा उरला होता. कोब्लेन्झ शहराने तो 1823 मध्ये प्रशियाच्या युवराजाला भेट दिला, म्हणजे गळ्यात मारला असंच म्हणायला हवं. युवराजाने शिंकेल या वास्तुकाराला हाताशी धरून 1842 पर्यंत तिथे कल्पनेतल्या मध्ययुगाचा पिवळाधमक राजवाडा उभा केला. दरम्यान 1827 पासून नदीवर आगबोटी नियमित धावू लागल्या, जर्मन प्रकाशक बेडेकरची प्रवासपुस्तिका निघाली आणि कवी हाइनेच्या कवितेने लोरेलाय नावाच्या साध्या कड्यावर एक सुंदरी कायमची बसवली. नदीच्या या टप्प्यात टेकडीवरचा, कधीच न पडलेला किल्ला म्हणून एकट्या मार्क्सबुर्गचं नाव घेतलं जातं.

आता कर्नाळा. त्याचंही काम वाटेशी बांधलेलं. बोरघाटातून उतरलेला माल पनवेल आणि आपटा या खाडीवरच्या बंदरांकडे जाई, आणि त्या रस्त्यावर या किल्ल्याची नजर असे. जकात गोळा व्हायची ती खाली. वर सैन्य ठेवायचं ते वसूल करणाऱ्याचा दरारा राहावा म्हणून. त्यामुळे कर्नाळ्याचा इतिहास लढायांइतकाच सौद्यांचाही आहे. 1540 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने तो गुजरातच्या सुलतानाच्या माणसांकडून घेतला. सुलतानाच्या अंमलदारांनी वसईच्या पोर्तुगीजांना हाक मारली. पोर्तुगीजांनी किल्ला सोडवला, स्वतःचीच शिबंदी आत बसवली, आणि अखेर वर्षाला पाच हजार सोन्याचे पर्दाव, म्हणजे तेव्हाची नाणी, घेण्याच्या बोलीवर शेजारच्या सांकशी किल्ल्यासकट तो निजामशाहीला परत दिला. काउबच्या जकातदाराला हा हिशेब लगेच कळला असता. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत कर्नाळा होता, 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी तो परत घेतला, आणि जानेवारी 1818 मध्ये इंग्रज अधिकारी प्रॉथरच्या फौजेने तो जिंकला. गडावर एक मराठी आणि एक फारसी शिलालेख आहे. सुळक्याच्या पायथ्याला ओळीने टाकी खोदलेली आहेत आणि वर कड्याला मधमाश्यांची पोळी लोंबतात.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: इंग्रजांनी आपले किल्ले मोडले, मग उरणार काय? 1818 नंतर अनेक गडांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंग लावून उडवले, हे खरंच आहे. पण मोडणारे ऱ्हाईनवरही आले होते. प्रश्न पुन्हा बांधणाऱ्याचा आहे. प्रशियाला ऱ्हाईनलँड 1815 मध्ये नव्याने मिळाला होता, आणि आपण जुन्या जर्मन सम्राटांचे वारस आहोत हे तिथल्या लोकांना दाखवणं राजघराण्याला गरजेचं होतं. पडका किल्ला बांधून काढणं ही त्याची सोपी तऱ्हा. इंग्रजांना पेशव्यांचे वारस म्हणवून घ्यायचं नव्हतं. त्यांना हवी होती थंड हवा, म्हणून त्यांची नजर कर्नाळा सोडून माथेरानकडे गेली. 1850 मध्ये मॅलेट हा इंग्रज अधिकारी तिथे चढला आणि पुढे गाव वसलं. वाहतुकीनेही कर्नाळ्याला हात दिला नाही. एकेकाळी मुंबईहून पुण्याला जाणारे लोक होडीने पनवेलला उतरत. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि हा ओघ कर्जतकडे वळला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वारस तर आपल्याकडेही उभे राहिले! टिळकांनी 1896 मध्ये रायगडावर शिवोत्सव भरवला, आणि गडावर जाणं हे मराठी माणसाच्या लेखी यात्रेला जाण्यासारखं झालं. मग कर्नाळा मागे का राहिला? उत्तर त्या यात्रेच्या स्वभावात आहे. तिला पराक्रमाची कथा लागते, आणि पर्दावांचा करार ही काही पोवाड्याची कथा नव्हे. कर्नाळ्याजवळ पराक्रमाची एक कथा जरूर आहे: इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा इथले किल्लेदार होते. पण 1845 मध्ये शिरढोणला जन्मलेल्या वासुदेव बळवंतांची आठवण गावात राहिली, गडावर चढली नाही.

गडाकडे गर्दी आणली ती पक्ष्यांनी. 1968 मध्ये इथे अभयारण्य झालं, आणि आज त्याचं क्षेत्र 12.11 चौरस किलोमीटर आहे. म्हणजे गंमत अशी, की किल्ला बघायचा असला तरी तिकीट पक्ष्यांचं काढावं लागतं. काहींना हा किल्ल्याचा अपमान वाटतो. तसं वाटायचं कारण नाही. जंगल राखलं गेलं म्हणून गडाच्या अंगावर हॉटेलं आणि दुकानं चढली नाहीत, आणि कुणी हौसेने इथे स्टोल्झेनफेल्सही उभारला नाही. जुन्या भिंती जेवढ्या आहेत तेवढ्या जुन्याच आहेत, आणि ही गोष्ट ऱ्हाईनवरच्या फार थोड्या किल्ल्यांबद्दल म्हणता येते.

उणीव आहे ती कथा सांगण्यात. ऱ्हाईनच्या खोऱ्याला 2002 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तो एकेका किल्ल्याला नव्हे, तर शतकानुशतकं चालत आलेल्या व्यापारी वाटेला आणि तिच्या काठच्या सगळ्या पसाऱ्याला. 2025 मध्ये आपले बारा किल्ले मराठ्यांची लष्करी व्यवस्था म्हणून त्या यादीत गेले. त्यांत कर्नाळा नाही, आणि त्या कथेत तो नसणं समजण्यासारखं आहे. त्याची कथा वाटेची आहे. ती सांगायची तर बोरघाट, पनवेलची खाडी, आपट्याचं बंदर आणि सांकशी यांच्यासकटच सांगावी लागेल, आणि तिची सुरुवात तलवारीपासून नव्हे, पाच हजार पर्दावांपासून करावी लागेल.