टांगलेला कागद आणि ओळंबा

नाशिकचा गंगापूर रोड आनंदवल्लीवरून पुढें गंगापुरास जातो. पेशवाईंत आनंदवल्लीस राघोबादादांचें वास्तव्य होतें, तर गंगापुरास गोपिकाबाईंचें. याच जिल्ह्यांत चांदवड येथें होळकरांचा रंगमहाल आहे व त्याच्या भिंती चित्रांनीं सजविलेल्या आहेत. तेव्हां भिंत सजविण्याची हौस आम्हांस नवी नाहीं. नवा आहे तो कागद. आज या रस्त्यावरील नव्या घरांतून वॉलपेपर लावितात, आणि त्याच्या पाठोपाठ पेस्ट, सीम, बबल, प्लंब-लाइन अशी शब्दांची वरातच घरांत शिरते. तींतील कोणास पाट मांडावा व कोणास दारांतूनच निरोप द्यावा, याचा आम्ही येथें विचार करूं.

इंग्रज मनुष्य भिंतीस कागद चिकटवितो, पण बोलतांना तो 'हँग' करितों, म्हणजे टांगतों, असें म्हणतो. युरोपांतील श्रीमंतांच्या दालनांत पूर्वीं विणलेले नक्षीदार पडदे भिंतींवर खरोखरीच टांगीत. पुढें त्यांच्या जागीं स्वस्त असा कागद आला. वस्तु बदलली, क्रियापद मात्र जुनेंच राहिलें. इंग्लंडांत १७१२ सालीं अशा रंगीत कागदावर कर बसला व तो १८३६ पर्यंत चालला.

आतां आपल्या गवंड्याच्या तोंडचे शब्द पाहूं. घराचे कोपरे क्वचितच बिनचूक सरळ असतात. म्हणून पहिली पट्टी लावण्यापूर्वीं दोरीस वजन बांधून उभी रेघ आंखावी लागते. या साधनास इंग्रजींत शिशाच्या लॅटिन नांवावरून नांव पडलें. आपण त्यास ओळंबा म्हणतों; हा शब्द संस्कृत 'अवलंब', म्हणजे लोंबणें, यावरून आलेला आहे. इंग्रजीनें लोंबणें कागदांत जपलें, मराठीनें दोरींत! पेस्टला आपली खळ आहे. ती लाविल्यावर कागद कांहीं मिनिटें तसाच ठेवावा लागतो. नाहीं तर तो भिंतीवर गेल्यावर पसरतो व फुगे येतात. लोणचें घालणाऱ्या गृहिणीस येथें 'मुरूं द्या' एवढें सांगितलें कीं पुरे. पट्ट्यांचा सांधा, पावसाळ्यांतली ओल, सुटणारे पोपडे, यांपैकीं एकाहि शब्दासाठीं परक्या दारीं जावयास नको.

याचा अर्थ सोंवळें पाळावें असा नव्हे. 'गिलावा' फारसी आहे, 'कागद'हि त्याच वाटेनें आला. शिवछत्रपतींच्या काळीं राज्यव्यवहारकोशानें दरबारी फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले, तरी ते सारेच शब्द कांहीं गेले नाहींत. वस्तूबरोबर तिचें नांव येतें. 'वॉलपेपर' खुशाल यावा.

परंतु कामाचे शब्द गेले तर काम सांगण्याची भाषाच जाते. घरधनी 'सीम ॲलाइन करा' म्हणतो, कारागीर मान हलवितो, आणि पट्टी तिरपी बसते. मोल्सवर्थसारख्या परक्या विद्वानानें १८३१ च्या आपल्या कोशांत मराठी शब्द कष्टानें गोळा केले. आम्ही शिकलेल्यांनीं ते घरांतून घालवावे हें बरें नव्हे. म्हणून घरीं कागद लावावयाचा झाला, तर कारागिरास आधीं ओळंबा धरावयास सांगावें. तो शब्द त्याच्या हातांत आहे. आपल्या मुलांच्या कानांवरहि पडूं द्यावा.