सहा टिंबांची बाराखडी

आमच्या जामखेडात दुष्काळाच्या आठवणी पुष्कळ. त्यांत अंध मुले क्वचितच येतात. १८९९-१९००च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळला. त्याच सुमारास, १९०० मध्ये, ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा काढली. दादरची अंधशाळा ती हीच. मिलार्डबाई अमेरिकन मराठी मिशनच्या. या मिशनचे नगरला १८३१पासून ठाणे.

इतिहासात स्थापनेचे साल राहते, शिकवणाऱ्याचा हात राहत नाही. ब्रेलच्या एका घरात टिंबे सहा. वाचायचे डावीकडून उजवीकडे. पाटी आणि टोच्याने लिहायचे मात्र उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखे उलटे. म्हणजे प्रत्येक अक्षर दोनदा शिकवायचे, मुलाचे बोट हातात धरून. छापील ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, भारती ब्रेलमध्ये आधी क, मग इ, बोलतो तसे. (डोळस मुलांपेक्षा हे सरळच!)

पण भारती ब्रेल आली १९५१ मध्ये. तोवर देशात ब्रेलच्या लिपी अनेक. एका शाळेत शिकलेल्या बोटांना दुसरीकडचे पुस्तक परके. नवी लिपी आल्यावर जुन्या शिक्षकांना आपलीच बोटे पुन्हा पहिलीत बसवावी लागली असणार.