दुसऱ्याच्या मनातली चूक

दुसऱ्याच्या मनातले आपण ओळखतो, हे शास्त्रीय कसोटीवर दाखवणे सोपे नाही. दोघांचाही समज खरा असेल, तर मी तुमचा विचार ओळखला की समोर दिसते त्यावरूनच उत्तर दिले, हे कळायचे कसे? म्हणून संशोधकांनी दुसऱ्याचा समज चुकलेला असेल असे प्रसंग रचले. १९८३ साली विमर आणि पर्नर यांनी मुलांना मॅक्सीची गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो; मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परतल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले बहुधा दुसरे कपाट दाखवतात. चार-पाच वर्षांची होता होता उत्तर बदलते. धाकट्यांना माहिती कमी असते असे नाही, उलट आपल्याला ठाऊक असलेलेच त्यांना बाजूला ठेवता येत नाही.

मेंदूत हे कुठे घडते? रिबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर यांनी २००३ मध्ये चुकीच्या समजाच्या गोष्टींशेजारी जुन्या फोटोच्या गोष्टी ठेवल्या. फोटोतले दृश्यही आजच्या वास्तवाशी जुळत नाही. पण फोटोला मन नसते. कानाच्या वर, किंचित मागे, शंखखंड आणि पार्श्वखंड मिळतात तो भाग समजाच्या गोष्टी वाचताना अधिक सक्रिय झाला. तरी सक्रियता म्हणजे कारण नव्हे. २०१० च्या एका प्रयोगात उजवीकडच्या याच भागाचे काम चुंबकीय स्पंदांनी विस्कळीत केले, तेव्हा विष समजून कॉफीत साखर घालणाऱ्यासारख्या माणसाला लोक थोडे सौम्यपणे तोलू लागले. हेतूचे वजन घटले, परिणामाचे वाढले.

इटलीतल्या पार्मा इथे माकडांत सापडलेल्या 'आरसा' चेतापेशींचा या संदर्भात फार गाजावाजा झाला; माझ्या मते, गरजेपेक्षा जास्त. दुसऱ्याने वस्तू उचललेली पाहून त्या पेशी उत्तेजित होतात, पण मॅक्सीला काय ठाऊक नाही, हे त्याच्या हाताच्या हालचालीत कुठे असते?

मग ही क्षमता मेंदूच्या वाढीबरोबर आपोआप येते का? निकाराग्वात १९७० च्या दशकाअखेर कर्णबधिर मुले शाळेत एकत्र आली आणि त्यांच्यात नवी खुणांची भाषा जन्मली. पहिल्या पिढीच्या खुणांत 'वाटणे', 'ठाऊक असणे' यांसाठी फारसे काही नव्हते. धाकट्या पिढीने ते घडवले. पायर्स आणि सेनघास यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या पिढीतली प्रौढ माणसे चुकीच्या समजाच्या कसोटीत धाकट्यांच्या मागे पडली. त्यांचे मेंदू केव्हाच पूर्ण वाढले होते. सुमारे दोन वर्षांनी त्यांना पुन्हा तपासले, तेव्हा धाकट्यांच्या सहवासात त्या खुणा त्यांच्याही बोलण्यात आल्या होत्या, आणि तीच माणसे कसोटीत पूर्वीपेक्षा सरस ठरली.