कराची ते मुंबई : अंतर आणि अवधि

दोन शहरांमधील अंतर कायमचें ठरलेलें असतें, आणि वाहनाचा वेग वाढला कीं प्रवासाचा वेळ कमी होतो, हें त्रैराशिक आपणां सर्वांस शाळेंतच शिकविलें जातें. विमानमार्गांचा इतिहास मात्र या त्रैराशिकानें पुरता उलगडत नाहीं. श्रोतेहो, कराची-मुंबई या वाटेचेंच उदाहरण घेऊं.

नकाशावर सरळ रेघ ओढली तर हें अंतर सुमारें ८८० किलोमीटर, म्हणजे साधारण साडेपांचशे मैल भरतें. १९२९ सालीं लंडनहून कराचीपर्यंत हवाई टपाल नियमित येऊं लागलें. तेथून मुंबईस मात्र तशी सोय नव्हती. ती उणीव १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं दूर झाली. त्या दिवशीं सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं जे. आर. डी. टाटा यांनीं टपालासह कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून उड्डाण केलें, आणि दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं ते जुहूस उतरले.

त्यांच्या एका इंजिनाच्या पस मॉथ विमानाचा वेग ताशीं सुमारें शंभर मैल होता. त्या हिशेबानें सरळ वाटेस साडेपांच तास पुरावेत, लागले सव्वासात. कारण इंधन घेण्याकरितां अहमदाबादेस उतरणें भाग होतें. या वळणामुळें वाट सुमारें साडेसहाशे मैलांची झाली, आणि तेथील मुक्कामाचा वेळ वेगळाच. इंधनाचे डबेही तेथें बैलगाडींतून आलेले! पुढें पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलपाण्यानें निरुपयोगी होई. तेव्हां विमानें पुण्यास उतरत. म्हणजे वाटेची लांबी केवळ भूगोलानें नव्हे, तर इंधनानें आणि ऋतूनेंही ठरत होती.

त्या वेळीं कराची, अहमदाबाद व मुंबई हीं तिन्ही शहरें एकाच मुंबई इलाख्यांत होतीं. १९३६ सालीं सिंध प्रांत निराळा झाला. १९४७ सालीं मध्यें राष्ट्राची सीमा आली. तरीही वाट लगेच मिटली नाहीं. १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, टाटांनीं तसल्याच लहान विमानांतून कराचीहून जुहूपर्यंतचें तें उड्डाण पुन्हा करून दाखविलें.

जेट विमानास ही वाट जेमतेम दीड तासाची. परंतु २०२५ च्या एप्रिलांत भारत व पाकिस्तान यांनीं परस्परांच्या विमानांस आपलें आकाश बंद केलें. थेट विमान नसतां प्रवाशास दुबईवरून वळसा घ्यावा लागतो; आणि ही वाट तीन हजार किलोमीटरांहून अधिक होते. विमान बदलण्याचा खोळंबा धरला, तर एका इंजिनाच्या त्या विमानापेक्षांही अधिक वेळ सहज जातो.

इंधनाची अडचण यंत्रविद्येनें सोडविली, चिखलाची अडचण पक्क्या धांवपट्टीनें सोडविली. उरलेली अडचण मात्र माणसांनींच घातलेली आहे; ती सोडविणेंही माणसांच्याच हातीं आहे.